रानडुकरं नव्हे, चिमण्या: जागं राहण्याबद्दल एका तरुणाला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यात आयटीत काम करणारा तिशीतला मुलगा, मंडळीच्या वरशिप टीममध्ये गिटार वाजवतो, रविवारची उपासना चुकवत नाही, दारू नाही, भानगड नाही. तो लिहितो, "पास्टर, माझ्या आयुष्यात मोठं पाप असं काही नाहीये, तरी गेलं वर्षभर प्रार्थनेला बसलो की मन जाग्यावर नसतं. बायबल उघडतो आणि पाच मिनिटांनी हातात मोबाइल असतो, कधी घेतला तेही आठवत नाही. येशू जागृत राहा म्हणतो ते रोजच्या आयुष्यात नेमकं करायचं कसं? आणि वरशिप टीम सोडू का?"

बाळा, मी नगर जिल्ह्यातला, २६ वर्षं पाळकपण केलं, आता रिटायर आहे, आणि तुझा प्रश्न मला नवा नाही कारण तो आधी माझाच होता. पण आधी शेतातली गोष्ट सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही.

लहानपणी दिवाळीनंतर ज्वारी चिकात आली की आजोबा मला राखणीला बसवायचे. माळा बांधलेला, हातात गोफण, शेजारी पत्र्याचा डबा. आता राखण म्हटलं की पोराला वाटतं रानडुकरं येतील, आपण पराक्रम करू. आणि रात्री रानडुकरं आली की खरंच अख्खी वस्ती उठायची, टॉर्च काय, कुत्री काय, आरडाओरडा काय. पण माळ्यावरच्या माणसाचं खरं काम दिवसा असायचं, चिमण्यांचं. त्यांच्यासाठी वस्ती उठत नाही. थवा येतो, आवाजही छान वाटतो, दोन मिनिटं बसतो आणि उडून जातो. लांबून बघितलं तर शेत उभंच्या उभं, हिरवंगार, आणि जवळ जाऊन कणीस हातात घेतलं की निम्मे दाणे गायब. मी एकदा असाच माळ्यावर बसून कॉमिक वाचत होतो, आजोबा आले, ओरडले नाहीत, फक्त एक कणीस तोडून माझ्या हातात दिलं. मग म्हणाले, चिमण्या येणारच, त्यांना येऊ नका म्हणून कोण सांगणार, त्या बसल्यावर तू किती लवकर उठतोस तेवढंच बघायचं.

पेरणाऱ्याच्या दाखल्यात पेरलेलं बी खाऊन टाकायला येशूने पाखरंच घेतली आहेत, वाघ नाही घेतला, हे मला फार वर्षांनी लक्षात आलं.

तर तू लिहिलंयस मोठं पाप नाही. बरोबर आहे, म्हणूनच तर तुला कळत नाहीये काय चाललंय ते. रानडुक्कर आलं असतं तर तू स्वतःच ओरडत आला असतास.

आता अध्यात्मात शिरण्याआधी एक साधी गोष्ट विचारतो, तू झोपतोस किती? मी हिंजवडीची पोरं बघितली आहेत, रात्री साडेअकरापर्यंत अमेरिकेचे कॉल, मग एक वाजेपर्यंत रील, आणि सकाळी सहाला अलार्म लावून "शांत समय", म्हणजे एकट्याने प्रार्थना आणि बायबल. ते मन जाग्यावर राहीलच कसं? एलिया पैगंबर रतामाच्या झुडपाखाली बसून मरण मागत होता ना, तेव्हा देवदूताने त्याला लगेच उपदेश नाही केला, भाकर दिली, पाणी दिलं, परत झोपू दिलं, परत उठवून खायला दिलं, आणि मग होरेब डोंगराचा प्रवास. येशूला पकडलं त्या रात्री गेथशेमाने बागेतही, लूक लिहितो, की शिष्य दुःखामुळे झोपी गेले होते, म्हणजे ती झोप सगळी आळसाची नव्हती. त्यामुळे झोप, जेवण, आणि सतत उदास वाटत असेल, कशातच रस वाटत नसेल तर डॉक्टर, हे आधी बघ. डॉक्टरकडे गेल्याने विश्वास कमी होत नाही. हे मी मुद्दाम लिहितोय कारण आपल्या मंडळ्यांमध्ये थकलेल्या माणसाला उपवास सांगायची एक वाईट सवय आहे.

ते सगळं ठीक असेल तर पुढे वाच.

माझी गोष्ट. पाळकपणाच्या नवव्या वर्षी आम्ही चर्चची नवी इमारत काढली. जुनी पत्र्याची होती, पावसाळ्यात गळायची, लोकांची इच्छा होती, माझीही होती, काम चांगलंच होतं. वर्गणी, पावत्या, वाळूचा भाव, स्लॅबची तारीख, ठेकेदार, कमिटीतली भांडणं, सकाळी सहाला साईटवर पाणी मारायला मी स्वतः, कारण वॉचमन दांडी मारायचा. आणि सकाळी सहा ही माझी प्रार्थनेची वेळ होती. मी काय केलं, तर मनाशी म्हटलं हेही देवाचंच काम आहे, पाणी मारता मारता प्रार्थना करू. पहिला आठवडा केलीही. मग सिमेंट आलं, मग सळई आली. असे आठ महिने गेले. एक दिवस मंडळीतली एक म्हातारी आजी आजारी म्हणून भेटायला गेलो, ती म्हणाली पाळकसाहेब प्रार्थना करा, मी डोळे मिटले आणि तोंडातून शब्दच निघेना. सवयीचे शब्द होते, ते म्हटले, आमेन म्हटलं. आजीने डोळे उघडले आणि विचारलं, "स्लॅब कधी आहे तुमचा?" तिला टोमणा मारायचा होता की सहज विचारलं, मला आजवर माहीत नाही. पण मी मोटरसायकल काढली ती साईटवर नाही नेली, सरळ घरी आलो.

तर बघ, मला प्रार्थनेपासून कोणी ओढलं? दारूने नाही, पैशाने नाही, चर्चने ओढलं. मार्थेचंही तेच झालं होतं, तिची तारांबळ कोणासाठी चालली होती, तर येशूच्याच जेवणासाठी. सूक्ष्म म्हणतात ते हे. वाईट गोष्ट असती तर दारातच ओळखली असती, ही चांगल्या कपड्यात येते, बायबल काखेत घेऊन येते, आणि फक्त चुकीच्या वेळेला येते.

जुन्या करारातल्या नहेम्याच्या पुस्तकाचा सहावा अध्याय या दृष्टीने एकदा सावकाश वाच. यरुशलेमेची भिंत होत आलीये, दरवाजे बसवायचे राहिलेत. आधी शत्रूंनी थट्टा केली, मग हल्ल्याची धमकी दिली, दोन्हीने काम थांबलं नाही. मग त्या शत्रूंमधला सनबल्लट काय करतो, तर निरोप पाठवतो, या ना, ओनोच्या मैदानातल्या एखाद्या गावात भेटू. किती सभ्य! मीटिंगला बोलावतोय फक्त. आणि एकदा नाही, चार वेळा तोच निरोप, आणि नहेम्या चारही वेळा तेच उत्तर देतो, मी मोठ्या कामात आहे, मला खाली यायला जमणार नाही. नवीन कारण शोधत नाही, माफी मागत नाही, समजावत बसत नाही. पाचव्यांदा उघडं पत्र येतं, बदनामीचं. आणि त्याच्या नंतरची युक्ती तर कमालच आहे, शमाया नावाचा एक माणूस म्हणतो तुला मारायला येतायत, चल आपण मंदिरात जाऊन दारं लावून घेऊ. मंदिरात! म्हणजे सगळ्यात शेवटचा फास देवाच्या घराच्या नावाने टाकला होता. नहेम्याने तोही ओळखला आणि भिंत ५२ दिवसांत पुरी झाली. मी स्वतः त्या चार वेळांच्या तेच-ते उत्तरातून खूप शिकलो, कारण माझी खोड अशी की पहिल्या वेळी नाही म्हणतो, दुसऱ्या वेळी नाही म्हणतो, तिसऱ्या वेळी समोरच्याला वाईट वाटेल म्हणून जातो.

तुझ्या बाबतीत ओनोचं मैदान कुठलं ते मला इथून दिसत नाही, पण अंदाज सांगतो. मोबाइल हे उत्तर सगळेच देतात, ते आहेच, पण मोबाइलवर काय बघतोस? माझा अनुभव असा की आपली पोरं प्रार्थनेच्या वेळी सिनेमा नाही लावत, ती मेसेज बघतात, वरशिपचे व्हिडिओ बघतात, अमुक प्रचारक खोटा कसा आणि तमुक खरा कसा यावर दीड तासाचं भाषण ऐकतात, शेवटल्या काळाची चिन्हं बघतात. आणि मग वाटतं आपण दोन तास देवाच्या गोष्टींमध्ये घालवले. देवाच्या गोष्टींमध्ये घालवले खरे, देवाबरोबर पाच मिनिटं नाही घालवली. प्रकटीकरणाच्या पुस्तकात इफिसच्या मंडळीला लिहिलेलं पत्र आहे ना, त्या लोकांनी श्रम केले, धीर धरला, खोट्या प्रेषितांची परीक्षा करून त्यांना पकडलं, म्हणजे या बाबतीत पैकीच्या पैकी मार्क, आणि तरी प्रभू म्हणतो तू पहिली प्रीती सोडलीस. खोटं ओळखता येणं आणि जागं असणं एक नाही.

दुसरी एक चिमणी मंडळीतल्या गप्पांची. "प्रार्थनेसाठी सांगतेय हं, कोणाला सांगू नका" असं म्हणून सुरू झालेली गोष्ट प्रार्थनेपर्यंत पोचलेली मी २६ वर्षांत फार कमी वेळा बघितली. मीही त्यात बसलोय, चहा घेतलाय.

आणि तिसरी, जिच्याबद्दल बोललं की लोक नाराज होतात, ती म्हणजे अनुभवाची हाव. मागच्या शिबिरात कसं भरून आलं होतं, तसं आज का नाही येत. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ साली जे संजीवन, म्हणजे रिव्हायवल, झालं ते आपण सगळे सांगतो, मीही प्रवचनात सांगितलंय. पण ते मिशन चालवणाऱ्या पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून वर्षानुवर्षं अख्ख्या बायबलचं मराठी भाषांतर केलं, आश्रमातल्याच बायका-मुलींनी छपाईचे खिळे, म्हणजे एकेक अक्षर, जुळवून ते तिथेच छापलं, आणि १९२२ मध्ये बाई गेल्या तोपर्यंत त्यांचा हात त्याच कामावर होता, त्याबद्दल शिबिरात कोणी बोलत नाही, कारण शब्दामागून शब्द लावण्यात अंगावर काटा येण्यासारखं काही नसतं. तुझं वर्षभराचं कोरडेपण हे कदाचित तुझ्या खिळे जुळवण्याचे दिवस असतील, बिघाड नसेलही. मला तसं वाटतं, पण हे तू आणि प्रभू बघा.

मन न लागणं ही मोबाइलची देणगी नाही हेही सांगून ठेवतो, म्हणजे तुला एकटं वाटायला नको. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात इवाग्रिअस नावाचा एक संन्यासी होता, ३९९ मध्ये वारला. त्याच्या काही शिकवणी पुढे मंडळीने नाकारल्या, तो भाग वेगळा, पण मनाची नाडी त्याच्याइतकी कमी लोकांना कळली असेल. त्याने लिहिलंय, सकाळी दहा ते दुपारी दोनच्या दरम्यान संन्याशाला एक विचित्र कंटाळा येतो. दिवस पन्नास तासांचा वाटायला लागतो. तो सारखा खिडकीकडे बघतो, सूर्य कुठे आला, तीन वाजायला, म्हणजे जेवणाला, किती वेळ आहे. मग बघतो शेजारच्या खोलीतला कोणी बाहेर येतोय का. मग त्याला ही जागाच नकोशी होते, हे काम नकोसं होतं, आणि वाटतं दुसरीकडे गेलो तर देवाची सेवा जास्त चांगली होईल. त्याच्याकडे फोन नव्हता, सूर्य होता, तो सूर्यच सारखा उघडून बघत होता! आणि उपाय काय सांगतात हे लोक, तर खोली सोडू नको. बस एवढंच. जिथे आहेस तिथे बस.

आता नेमकं करायचं काय. हे मी लोकांना शिकवतो, स्वतःही करतो, आणि याची मुळं मार्कच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात आहेत. तिथे येशू द्वारपाळाचा दाखला देतो, घरधनी कधी येईल तुम्हाला ठाऊक नाही, संध्याकाळी की मध्यरात्री की कोंबडा आरवताना की सकाळी. हे रात्रीचे चार पहारे, रोमी हिशोबाचे, तीन-तीन तासांचे. आपल्याकडे रात्रीचे चार प्रहर अगदी तसेच. आता पुढचा अध्याय उघड आणि बघ, संध्याकाळी येशू बाराजणांबरोबर जेवायला बसतो आणि त्याला धरून देणारा यहूदा ताटाशीच आहे, रात्री गेथशेमानेत तिघं झोपतात, कोंबडा आरवतो तेव्हा पेत्र नाकारून बसलेला असतो, आणि पंधराव्याच्या सुरुवातीला सकाळ होताच येशूला बांधून रोमी सुभेदार पिलाताकडे नेतात. चारही प्रहर, क्रमाने, आणि शिष्य प्रत्येक प्रहराला चुकले. मला हे पहिल्यांदा दिसलं तेव्हा मी वही बंद करून बसून राहिलो होतो. घरधनी आला होता, त्याच रात्री, आणि कोणी जागं नव्हतं.

तेव्हापासून मी दिवसाचे चार पहारे धरले. उठल्यावर, दुपारच्या जेवणाआधी, दिवेलागणीला आणि झोपताना. प्रत्येक वेळी एक-दोन मिनिटं, जास्त नाही, जास्त ठरवलंस तर आठवड्यात सुटेल. थांबायचं आणि प्रभूला एकच विचारायचं, गेल्या पहाऱ्यात मी कुठे होतो? शरीराने नाही रे, मनाने. आणि जे दिसेल ते नाव घेऊन सांगायचं. प्रभू, सकाळपासून मी अप्रेजलमध्ये होतो. प्रभू, मी दीड तास त्या माणसाशी मनातल्या मनात भांडत होतो. संपलं. वर भाषण नको. नाव घेतलं की निम्मी चिमणी उडते, का ते मला नीट सांगता येत नाही पण उडते. ऑफिसमध्ये डोळे मिटायची लाज वाटत असेल तर पाण्याची बाटली भरायला जाताना कर, कोणाला कळतंय.

झोपतानाच्या पहाऱ्याला मी एक गोष्ट वाढवली आहे, ती जेज्विट संघ काढणाऱ्या इग्नेशियस लोयोलाकडून. आमच्यातले काही लोक नाक मुरडतील की हे कॅथलिकांचं, मुरडू दे, १५४२ मध्ये गोव्यात उतरलेला फ्रान्सिस झेवियर याच माणसाचा सोबती, आणि वसईकडच्या माझ्या मित्रांनीच मला हे शिकवलं. इग्नेशियस शिपाई होता, १५२१ मध्ये पांप्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने पाय मोडला, महिनोन् महिने खाटेवर. पडल्या पडल्या कधी तो शौर्याची, दरबारातल्या बाईची स्वप्नं बघायचा, कधी संतांसारखं जगायची. दोन्ही बघताना मजा यायची, पण त्याने एक टिपलं, की पहिल्या स्वप्नानंतर मन कोरडं पडतं आणि दुसऱ्यानंतर आनंद मागे राहतो. म्हणजे विचार चालू असताना कसा वाटतो याला फार अर्थ नाही, तो गेल्यावर तोंडाला चव काय उरते ते बघ. मी रात्री दिवसातल्या दोन-तीन गोष्टी अशा चाखून बघतो. त्या बिल्डिंगच्या दिवसांत हे करत असतो तर पहिल्या महिन्यातच कळलं असतं, कारण साईटवरून आलो की मी बायकोवर खेकसायचो.

फोनचं म्हणशील तर सकाळच्या पहाऱ्याला तो दुसऱ्या खोलीत ठेव आणि कागदाचं बायबल घे. आमच्या घरी फोन रात्री स्वयंपाकघरात पिठाच्या डब्यावर असतो. मी आधी रोज सकाळी वचन फॉरवर्ड करायचो, ११८ लोकांच्या ग्रुपवर, आणि एक दिवस लक्षात आलं की ते मी स्वतः वाचलेलंच नसतं. ते बंद केलं. दोघांनी विचारलं पास्टर बरे आहात ना, बाकी कोणाला फरक पडला नाही.

आणि मन भरकटलेलं सापडलं की स्वतःला शिव्या देत बसू नको, ती सुद्धा एक चिमणीच आहे, उलट मोठी, कारण आता तू प्रभूकडे सोडून स्वतःकडेच बघतोयस. प्रार्थनेत वीस वेळा मन गेलं आणि वीस वेळा परत आणलंस तर तू वीस वेळा त्याच्याकडे आलास, मी तर असाच हिशोब धरतो. गेथशेमानेत तो तीनदा आला बघायला, तीनदा ते झोपलेले, आणि तिसऱ्या वेळी तो काय म्हणाला, उठा, आपण जाऊ. 'आपण' म्हणाला.

राहिलं टीमचं. लगेच सोडू नको. कोरड्या दिवसांत घेतलेला निर्णय बहुतेक वेळा त्या इवाग्रिअसच्या संन्याशासारखा असतो, जागा बदलली की बरं वाटेल असा. पण पुढचे दोन रविवार लीडरला सांगून सुट्टी घे आणि मागच्या बाकावर बस, जिथे म्हाताऱ्या बायका बसतात तिथे. गिटार घरी ठेव. साऊंड कसा येतोय, कोणी कॉर्ड चुकवली का, हे मनात येईलच, आलं की नाव घे आणि परत गाण्यात ये. दोन रविवारांनी मला कळव, गाताना तुला कशाची जास्त आठवण आली, गिटारची, की लोक तुझ्याकडे बघतात त्याची, की आणखी कशाची. मग टीमचं बोलू.